कॅमेऱ्याच्या पाठीमागचं आगुंबे

बसा. पाठ टेकायला भिंत असेल तर टेका. आज निघायचंय ते कुठल्याही सर्वेक्षणात न सापडलेल्या एका गावाला, आणि पोचायचंय ते लाल बस थांबते, दुकानं उघडतात, पोरं शाळेत जातात अशा दुसऱ्याच गावात. घाई केलीत तर दोहोंपैकी एकच दिसेल.

आधी धून येऊ द्या. 'मालगुडी डेज' या मालिकेची. एल. वैद्यनाथन यांनी केलेली, शब्दांवाचून गुणगुणलेली. ज्याने एकदा ऐकली त्याला ती आठवायला कष्ट पडत नाहीत. ओठांवर आली तर येऊ द्या. तिच्यामागून आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं येतील आणि मग तो मुलगा, स्वामी. मास्टर मंजुनाथचा तो चेहरा. बहुतेक धावतच असेल. थांबवू नका त्याला.

आता नजर पडद्याच्या अलीकडे आणा. हे सगळं तुम्ही कुठे बसून पाहिलंत? 1987 साली दूरदर्शनवर पाहिलं असेल तर ती खोली आठवा. खाली कोण बसलं होतं, कॉटवर कोण, शेजारचं कोण उंबऱ्याशी उभं होतं. पुढे कधीतरी एकट्याने मोबाइलवर पाहिलं असेल तर ती रात्र आठवा. तुमच्या मालगुडीची निम्मी माती तिथली आहे. मालिका जिथे चित्रित झाली त्या आगुंब्याला गेल्यावर ती मिळणार नाही, तेव्हा इथूनच सोबत घ्या.

आता आणखी मागे. 1930 सालची विजयादशमी, बंगळूर. तेवीस वर्षांचा एक तरुण लिहायला बसला आहे आणि त्याला सगळ्यात आधी एक लहानसं रेल्वे स्टेशन दिसतं. घर नाही, माणूस नाही. आधी स्टेशन, आणि त्याचं नाव मालगुडी. आर. के. नारायण यांनीच हे सांगून ठेवलं आहे. त्या स्टेशनाभोवती मग सरयू नदी आली, मेंपीचे डोंगर आले, मार्केट रोड आला, लॉली एक्स्टेन्शन आलं. 'स्वामी अँड फ्रेंड्स' 1935 मध्ये लंडनला छापून आलं, लेखक ग्रॅहॅम ग्रीनने हस्तलिखितासाठी शब्द टाकला म्हणून. गाव वसलं ते असं, कागदावर, आणि पुढे कितीतरी वर्षं ते कागदावरच सुखाने नांदलं.

कागदावरच्या गावाला जमीन द्यायची म्हणजे कोणाला तरी ठरवावं लागतं की ते इथे आहे. नारायण यांनी याचा एक चटका आधीच खाल्ला होता. 'गाइड' या त्यांच्या कादंबरीवर सिनेमा निघायचा ठरला तेव्हा मैसूरच्या आसपासच्या, आपल्या मनातल्या जागा त्यांनी सिनेमावाल्यांना हिंडून दाखवल्या. सिनेमा गेला राजस्थानात. उदयपूर, चित्तोड, मोठमोठे राजवाडे. आपल्याला तो सिनेमा आवडतो, गाणी तर पाठ आहेत, पण लेखकाचं दुःख खरं होतं आणि त्यांनी ते एका खुसखुशीत लेखात लिहूनही टाकलं. लहान गावाच्या गोष्टीला मोठं गाव मिळालं की गोष्टीतली माणसंही आपोआप मोठी होतात. मालगुडीतली माणसं मोठी होणं त्यांना नको होतं.

म्हणून मालिकेचा दिग्दर्शक शंकर नागने निवडलेल्या जागेला महत्त्व आहे. हा नाव घेण्यासारखा माणूस आहे, आपल्यालाही जवळचा. होन्नावर भागातला, शिक्षणासाठी मुंबईला आलेला, इथल्या मराठी रंगभूमीवर रमलेला. 1979 च्या '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता. म्हणजे गेलेला काळ पडद्यावर उभा करायचा तर काय काय झाकावं लागतं, याचा विचार त्याने त्या चित्रपटातल्या पुण्याच्या निमित्ताने आधी केलेला होता. टी. एस. नरसिंहन या निर्मात्यासाठी तो 'मालगुडी डेज' करायला निघाला तेव्हा त्याची तिशी नुकतीच उलटली होती. सुरुवातीचे तेरा भाग त्याने हिंदीबरोबर इंग्रजीतही केले. आणि मालगुडीसाठी त्याने बोट ठेवलं शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या, घाटमाथ्यावरच्या आगुंबे या गावावर.

चला आता तिकडे.

कोकण रेल्वेने उडुपीला उतरलो आहोत असं धरा. हेब्री मागे पडलं, सोमेश्वर आलं, झाडी दाट होत चालली. इथून आगुंब्याचा घाट सुरू होतो. चौदा अवघड वळणं. गाडी पहिल्या वळणावर जवळजवळ थांबते आणि मग जोर करून वर चढते. तुम्ही एक करा. प्रत्येक वळणावर मालिकेतलं एक दृश्य डोळ्यांपुढे आणा आणि ते तिथेच रस्त्याकडेला उतरवून ठेवा. शाळेतला मास्तर. क्रिकेटची टीम. गणिताच्या गृहपाठापुढे बसलेला स्वामी आणि त्याच्यासमोर वडील झालेले गिरीश कार्नाड, जे खऱ्या आयुष्यात माथेरानला जन्मले होते. पंचेचाळीस रुपये पगाराच्या त्या कारकुनाचा भाग उतरवायला जड जाईल. विष्णुवर्धनने केला होता तो बाप, मुलीला सिनेमाला न्यायचं कबूल करून कचेरीत अडकलेला. थोडं थांबा त्या वळणावर. मुलगी तयार होऊन वाट पाहते आहे. मग तिलाही राहू द्या.

वर पोचेपर्यंत हात मोकळे व्हायला हवेत. ही दृश्यं कुठे जात नाहीत, उतरताना परत भेटतील. वर नेली तर मात्र तुम्ही गावात हिंडाल आणि मेळ घालत बसाल. हा तोच खांब का, ही तीच पायरी का. पाहुणे तसेच हिंडतात. हातात मोबाइल, त्यावर थांबवून ठेवलेलं एखादं दृश्य, आणि समोरची भिंत त्याच्याशी जुळते का याची तपासणी. यात वाईट काही नाही. पण जुळलं की माणूस खूश होऊन निघून जातो, आणि जुळलं नाही की नाराज होऊन निघून जातो. दोन्ही वेळा तो निघूनच जातो.

गाव लहान आहे. एक मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, मंगळुरी कौलं, काही ठिकाणी आता सिमेंट. चालत राहा. पाय ओल्या जमिनीवर पडतो आहे, तो कसा पडतो इकडे लक्ष असू द्या. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात याला. ज्यांनी आंबोलीचा पाऊस पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भिंतीला कमरेइतकं शेवाळ, दगडी कठड्यावर नेचे, लाकडाला येणारा तो ओलसर, जुना वास.

आणि इथेच पहिली शंका मनात येऊ द्या. नारायण यांच्या पुस्तकातलं मालगुडी आठवा. धूळ आहे तिथे. ऊन आहे, वाळूतून वाहणारी नदी आहे, दुपारी पेंगणारी बाजारपेठ आहे. सदाहरित जंगलाच्या काठावरचं, वर्षातले कित्येक महिने धुक्यात आणि पाण्यात बुडालेलं हे गाव ते नव्हे. दिग्दर्शकाने इथे स्वातंत्र्य घेतलं आहे, राजस्थानवाल्यांनी घेतलं होतं तसंच. मग लेखकाचा पहिला राग रास्त आणि दुसरी जागा आपल्याला बरोबर वाटते, असं का? माझं उत्तर असं आहे की शंकर नागने गावाची हवा बदलली, आकार बदलला नाही. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी, एवढंच गाव ठेवलं. माणसं माणसांएवढीच राहिली. त्यांची हिंदीही तशीच, दक्षिणेकडच्या तोंडांत घोळलेली, लखनवी तोरा नसलेली; आपल्याकडच्या घरांतून बोलतात तीहून फार लांबची नव्हे. तुम्हाला दुसरं उत्तर सुचलं तर तेच धरा, पण चालता चालता शोधा.

आता दोड्डमने. मोठं घर. शंभरी उलटलेला, लाकडी खांबांचा, मधोमध मोकळा चौक असलेला वाडा. स्वामीचं घर म्हणून आपण जे पाहिलं ते बरंचसं हे. दारात थांबा. चपला काढा. आत माणसं राहतात, आणि पाहुण्यांना घरात उतरवून घेण्याची इथली रीत जुनी आहे. म्हणून तर इतकी वर्षं अनोळखी लोक इथे येतात, जेवतात, मुक्काम करतात. आवाज न करता आत या आणि चौकाच्या कडेला ओसरीवर बसा.

काही पाहू नका अजून. डोळे मिटा आणि ऐका. वर कौलांवर पाऊस असेल तर त्याचे दोन आवाज आहेत. एक कौलांवरचा, सगळीकडे सारखा. दुसरा पागोळ्यांचा, चौकातल्या दगडावर, ठरावीक जागी. पहिला आवाज सोडून दुसऱ्याकडे कान द्या. एकच पागोळी निवडा. तिच्या खाली दगडाला खळगा पडला असेल. तो खळगा 1986 साली शूटिंगला आलेल्या लोकांनी पाहिला असेल का? बहुधा नसेल, त्यांना उजेड गाठायचा होता. पण तो होता. स्वामीची आजी या घरात गोष्ट सांगत असल्याचा अभिनय चालू होता तेव्हा या घरातली खरी आजी कुठे बसली असेल? स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती की धूर चित्रात येतो म्हणून विझवायला सांगितली होती? मला याची उत्तरं माहीत असायचं कारण नाही. प्रश्न मात्र इथे ओसरीवर बसल्याशिवाय पडत नाहीत.

आता डोळे उघडा आणि मालिकेतली एक चौकट आठवा, कुठलीही एक. या चौकाची. मनातल्या मनात कॅमेरा कुठे ठेवला असेल ते ठरवा. उठून त्या जागी जा. कॅमेऱ्याने जे पाहिलं तेच तुम्हाला दिसतं आहे: खांब, चौक, पलीकडची पडवी, वरून उतरणारा उजेड. छान आहे. बघून घ्या पोटभर.

मग सावकाश मागे वळा.

हीच आजची मुख्य गोष्ट आहे, म्हणून उतावीळ होऊ नका. पूर्ण वळा, कॅमेऱ्याची पाठ होती त्या बाजूला. इथे काय आहे? एक भिंत असेल, तिच्यावर कॅलेंडर, विजेचं बटण, खुंटीला अडकवलेली पिशवी, रचून ठेवलेली सुपारीची पोती. मालिकेत यातलं काही नाही. कालपट म्हटला की विजेची तार झाकावी लागते, डांबरी रस्त्यावर माती टाकावी लागते, दुकानाच्या पाट्या उतरवाव्या लागतात. 1930 उभं करायचं तर 1986 ला दाराबाहेर उभं राहावं लागतं. ते दाराबाहेर उभं राहिलेलं 1986 इथे, कॅमेऱ्याच्या पाठीमागे होतं. शूटिंग बघायला जमलेलं अख्खं गाव इथे होतं. शाळा बुडवून आलेली पोरं इथे होती. दुपारच्या चहाचं भांडं इथे कुठेतरी ठेवलेलं होतं. आपल्याला लहानपणी जे गाव इतकं शांत वाटलं ते शांत दिसावं म्हणून या बाजूला कितीतरी लोक श्वास रोखून गप्प उभे होते.

इथे हवा तितका वेळ थांबा. एका जागेत किती काळ एकमेकांवर बसले आहेत ते मोजू नका, फक्त एकेक करून त्यांचं वजन घ्या. गोष्टीतला काळ. शूटिंगचा काळ. तुम्ही खाली सतरंजीवर बसून पाहिलंत तो काळ. आणि हा आजचा, ज्यात घरातल्या कुणीतरी तुम्हाला कषायाचा, म्हणजे काढ्याचा, पेला आणून दिला आहे आणि तो हातात निवत चालला आहे. प्या तो. गरम असताना चांगला लागतो.

बाहेर पडल्यावर गावाच्या टोकापर्यंत चालत जा. सूर्यास्ताच्या जागेवरून आकाश निरभ्र असेल तर पार अरबी समुद्र दिसतो, निरभ्र नसेल तर ढग दिसतात, आणि ढग बघायला सवड मिळते. याच जंगलात रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये संशोधन केंद्र सुरू केलं. किंग कोब्रा दिवसभर कुठे जातो, काय करतो हे रेडिओ ट्रान्समीटर लावून इथे अभ्यासलं गेलं. मालगुडीत किंग कोब्रा नाही. आगुंब्यात आहे, आणि तो मालिकेच्या कितीतरी आधीपासून आहे. गावाला आपली दुसरी ओळख असते, ती आपल्या आवडीवर अवलंबून नसते, हे त्या जंगलाच्या कडेला उभं राहिलं की सोपं वाटू लागतं.

तीर्थहळ्ळीकडे जाताना वाटेत कुप्पळ्ळीला वळता येतं. कुवेंपूंचं घर. कन्नडमधला एवढा मोठा कवी तिथे वाढला. घर आता नीट जपलेलं संग्रहालय आहे. तिथेही लाकडी खांब, तिथेही चौक. गंमत बघा, खऱ्या माणसाच्या घरात आज कुणी राहत नाही आणि कधीच नसलेल्या मुलाच्या घरात रोजचा स्वयंपाक होतो.

शेवटचा मुक्काम अरसाळू. शिवमोग्गा ते ताळगुप्पा मार्गावरचं स्टेशन. शंकर नागला इथे मालगुडी स्टेशन सापडलं. म्हणजे नारायण यांना जे सगळ्यात आधी दिसलं होतं, ते आपण सगळ्यात शेवटी पाहतो आहोत. तेव्हा इथे मीटरगेज होती. आता रूळ रुंद झाले, गाड्यांसाठी वेगळी इमारत आली आणि जुनी पडायला झाली होती. ती दुरुस्त करून 2020 मध्ये तिचं मालगुडी संग्रहालय झालं. हे काम जॉन देवराज यांनी केलं, मालिकेचे कलादिग्दर्शक होते तेच. मालिकेच्या वेळी नकली काळ उभा करणाऱ्या माणसाला त्याच भिंती पुन्हा सजवायला मिळाव्यात हा योग दुर्मिळ. खरं सांगायचं तर ही सजावट मला जरा जास्त गोड वाटते. आपल्याला जे आठवायचं आहे तेच ती पुढे करते, आणि आठवणीला काही विचारत नाही. आगुंब्याच्या ओसरीने प्रश्न विचारले होते.

पण इमारतीच्या आत फार रेंगाळू नका. फलाटावर या. 'स्वामी अँड फ्रेंड्स' संपतं ते स्टेशनवर. स्वामीचा मित्र राजम गाव सोडून चालला आहे, दोघांचं बिनसलेलं आहे, आणि स्वामी धावत येऊन त्याला एक पुस्तक देतो. अँडरसनच्या परीकथा. गाडी सुटते. राजमने माफ केलं की नाही, तो पत्र लिहील की नाही, हे स्वामीला कळत नाही, आणि सोबतचा मित्र मणी काय ते नीट सांगत नाही. नारायण यांनीही सांगितलं नाही. फलाटाच्या कडेला उभे राहा. रूळ दोन्ही बाजूंना सरळ जातात. कुणाशी तरी तुमचंही बिनसलेलं असेल, आणि गाडी सुटायच्या आत पोचायचं राहून गेलं असेल. ते नाव आता मनात येऊ द्या. उत्तर मागू नका. नाव नुसतं येऊ द्या आणि रुळांकडे बघत उभे राहा.

शंकर नाग 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेला. पस्तीस वर्षांचा होता. 2006 च्या सुमारास मालिकेचे आणखी भाग निघाले, कविता लंकेश यांनी ते केले. लक्ष्मण यांनी उतारवय पुण्यात काढलं आणि 2015 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. नारायण यांना मालगुडी कुठे आहे हे लोक सतत विचारत. ते काल्पनिक आहे, नकाशात सापडणार नाही, असं ते सांगत, आणि न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावरही आपल्याला मालगुडीची माणसं दिसतात, असं वर जोडत.

हळूहळू हातापायांची हालचाल करा. उठा.

आणि खरोखर जायचं झालं तर भर पावसाळ्यात घाटातल्या दरडींची चौकशी करून निघा. दोड्डमनेत फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा, स्वयंपाकघराकडे कॅमेरा वळवू नका. रेल्वेने जाणार असाल तर तुमची गाडी अरसाळूला थांबते का, तेवढं वेळापत्रकात पाहून ठेवा.